जोडीचा माणूस

वाढवेमामा सकाळी सहाला आमच्या शाळेच्या मैदानावर रिकामं पोतं अंथरून उताणे पडायचे आणि दोन्ही पाय सरळ आभाळाकडे करायचे. गुडघे ताठ, तळपाय सपाट, आणि त्या तळपायांवर काहीही नाही. असे दहा-दहा मिनिटं. मैदानाला कुंपण नावालाच आहे आणि शेजारून सेनगावचा रस्ता जातो. दूध घालायला निघालेले, जीप धरायला निघालेले, शेताकडे निघालेले, सगळं आमचं हिंगोलीकडचं गोरेगाव त्यांच्याकडे बघत पुढं जायचं. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलंच तर झेलता यावं म्हणून, असं आमच्याकडे म्हणतात. तेव्हा गावानं त्यांना टिटवी म्हणायला सुरुवात केली यात गावाचा फार दोष नाही. मीही तीन-चार महिने तेच नाव वापरलं. अर्थात त्यांच्या माघारी.

यशवंत वाढवे हे वीज मंडळात लाईनमन होते. मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि लेकीकडे नांदेडला राहायला गेले. अंगकाठी सुताराच्या गजासारखी सरळ आणि बारीक, वजन बावन्न किलो. उभं आयुष्य खांबावर गेल्यामुळे तळपाय मात्र रुंद आणि टणक. गावात डीपी जळाली की लोक त्यांच्या नावानं ओरडायचे आणि लाईट आली की विसरून जायचे. मी त्या शाळेत इतिहास शिकवतो. आमचं घर गावातलं जमीनजुमल्याचं, चुलत्यांचा शब्द पंचक्रोशीत चालणारा. माझी कंबर मात्र माझ्या शब्दात नव्हती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून मी पहाटे मैदानाला फेऱ्या मारायचो आणि प्रत्येक फेरीला या माणसाला वळसा घालून जायचो.

इतिहासाच्या मास्तराला चौकशीची खोड असते. एक दिवस थांबून विचारलंच, "मामा, हे कोणतं आसन?"

त्यांनी पाय खाली घेतले नाहीत. तसेच पडल्यापडल्या म्हणाले, "आसन न्हाई सर, अर्धं आसन हाय. बाकीचं अर्धं नांदेडला नोकरीला गेलं."

ते अर्धं म्हणजे त्यांची मुलगी सुजाता. ती शाळेत असताना योगासनांच्या स्पर्धेत जोडीचा एक प्रकार होता. एकानं खाली पडायचं, दुसऱ्यानं त्याच्या पायांवर, हातांवर, मांड्यांवर तोल सांभाळत आसन करायचं. निम्मा योग आणि निम्मी कसरत. स्पर्धा दीड महिन्यावर आली आणि सुजाताच्या जोडीदारणीच्या घरचे पुण्याला कामाला निघून गेले. पोरगी रडायला लागली, तेव्हा बाप अंगणात आडवा पडला आणि म्हणाला, "ये, नवी जोडीदारीण मिळोस्तर माझ्यावर कर." नवी जोडीदारीण मिळाली, स्पर्धा झाली, तिसरा नंबर आला, गोष्ट संपायला हवी होती. पण बापलेकीचा हा खेळ पुढं दहा वर्षं चालला. मोबाईलवर कुठकुठले व्हिडिओ बघून दोघांनी नवीनवी आसनं बसवली. मग सुजाता नर्स झाली, नांदेडला गेली, आणि मामांचे पाय मोकळे राहिले.

"वजन किती तुमचं?" त्यांनी मला विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

खांबावर चढण्याआधी खांबाकडे बघावं तसं त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "व्हय, जमतंय. या."

बावन्न किलोचा माणूस चौऱ्याहत्तर किलोला पायांवर घेणार, हे गणित मला पटेना. न पटलेली गोष्ट करून बघायची ही माझी दुसरी खोड. मी त्यांच्या पायांशी उभा राहिलो. त्यांनी गुडघे दुमडले, तळपाय माझ्या कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर टेकवले, माझे हात हातात घेतले आणि म्हणाले, "आता तुमी इचारा, येऊ का? मी या म्हणल्याबिगर यायचं न्हाई."

"येऊ का?"

"या."

मी पुढं झुकलो आणि जमीन गेली. खरंच गेली. मी पोटावर आडवा, हवेत, आणि खाली मामांचं तोंड शांत, वर्तमानपत्र वाचणाऱ्यासारखं. मी आईच्या नावानं मोठ्यांदा ओरडलो. रस्त्यावरची एक दुधाची गाडी थांबली. मामांनी मला चार श्वास तसंच धरलं आणि अलगद उतरवलं. माझ्या कमरेतलं काहीतरी कट्‌कन जागेवर बसलं होतं. मी म्हटलं, "परत."

त्या दिवसापासून मी रोज जायला लागलो. आणि रोज एक प्रश्न घेऊन जायचो. हे जमतं कसं? ते सांगायचे, "हाडावर घ्यायचं सर, मासावर न्हाई. मास थकतंय. हाडाखाली हाड बराबर ठिवलं की वजन सरळ जमिनीत जातंय, आपून मधात नुस्ता रस्ता." हे कुठं शिकलात? "बापाकडून. माझा बाप इथंच आडतीवर हमाल होता. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा. ताकदीचा माणूस न्हवता तो. कुठं ठिवायचं ते त्याला म्हाईत होतं." त्यांच्या वडिलांना मी लहानपणी पाहिलेलं होतं. आमच्या घरची तूर आणि ज्वारी त्यांच्याच पाठीवरून गाडीत चढायची. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माझ्याहून जास्त माहीत होतं.

आणि ते "येऊ का"? ते लाईनमनच्या कामातलं. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनला फोन करायचा, लाईन बंद झाली का विचारायचं, पलीकडच्यानं बंद आहे म्हणायचं, आपण ते परत म्हणून दाखवायचं, आणि मगच खांबाला हात लावायचा. नोकरीच्या सुरुवातीला सिद्धेश्वरच्या कालव्याकाठी काम करताना एकानं विचारण्याचा कंटाळा केला होता. पुढं काय झालं ते मामांनी सांगितलं नाही, फक्त मान हलवली. "दुसरा नियम त्याच्याहून मोठा," ते म्हणाले. "वरचा माणूस उतरवा म्हणला की उतरवायचं. काहून, कशापायी, आत्ताच का, ते समदं खाली आल्यावर."

पुढच्या महिन्यात आम्ही बसायचं आसन घेतलं. मी त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा राहायचो, मागं रेलून त्यांच्या तळपायांवर बसायचो, आणि ते मला खुर्चीसारखं वर उचलायचे. माझे पाय मग त्यांच्या तोंडावर लोंबकळायचे. त्यांनी माझे दोन्ही हात धरलेले असायचे. एका सकाळी माझा अंगठा त्यांच्या कपाळाला लागला. माणसाला पाय लागला की काय करायचं हे आपल्याला बोलायला येण्याआधी शिकवलेलं असतं. माझा उजवा हात आपसूक सुटला, त्यांच्या कपाळाला लागला आणि माझ्या छातीकडे निघाला. तो छातीपर्यंत पोचलाच नाही. मी आडवा त्यांच्या पोटावर आणि तिथून मातीत. दोघांचेही श्वास अडकले.

श्वास परत आल्यावर मामा इतके हसले की त्यांना खोकला लागला. "सर, वर असताना पाया पडायचं न्हाई. आन् पाय लागला म्हून काय झालं? इथं पायाचंच काम हाय." नंतर फोनवर त्यांनी ही गोष्ट सुजाताला सांगितली. ती म्हणे आठवडाभर हसत होती.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं. मग एक दिवस मी नेहमीप्रमाणे त्यांच्या पायांशी जाऊन उभा राहिलो, तर मामा पोत्यावरून उठून बाजूला उभे राहिले. "आता तुमी खाली," ते म्हणाले.

मी कंबर सांगितली. ते म्हणाले, कंबर आता बरी हाय. मी गुडघा सांगितला. कोणता, त्यांनी विचारलं, आणि मला पटकन ठरवता येईना. खरं कारण मैदानाच्या कडेनं जात होतं. लाईनमन सरांना पायांवर उचलतो, हा गावाच्या दृष्टीनं तमाशा होता, करमणूक होती. सर लाईनमनला पायांवर उचलून धरतात, वाढवे आमच्या घरातल्या माणसाच्या वर, तेही उघड्यावर, हे वेगळं होतं. मी वर्गात समतेवर चांगला बोलतो. मुलं वहीत उतरून घेतात. आणि माझ्या मनात त्या क्षणी फक्त एक चेहरा होता, माझ्या चुलत्यांचा, आबांचा. ते रोज साडेसहाला त्याच रस्त्यानं डेअरीवर जातात.

"मामा," मी म्हणालो, "वर्गात करू. दहावी अ ची खोली मोकळी असते. दार लावून घेऊ."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पोतं झटकलं, घडी घातली, काखेत घेतली. "सर, जोडी दोन्हीकून ऱ्हाती. एकाच बाजूनं असली तर ती हमाली. हमाली माझ्या बापानं केली, पगार घेऊन केली. मी दार लावून करनार न्हाई." एवढं बोलून ते गेले. दुसऱ्या दिवशी आले, पाय वर करून पडले, मी जवळ गेलो तर म्हणाले, "जय भीम सर. फेऱ्या मारा, कंबरेला बऱ्या." म्हणजे मी गावादेखत त्यांना पायांवर घेतो की नाही, यावर सगळं येऊन ठेपलं होतं.

मी दोन आठवडे फेऱ्या मारल्या. लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि राग आपल्यावरच आहे हे कळायला वेळ लागला. शिवाय एक तिसरी गोष्ट होती, कुतूहल. खाली पडलेल्याला काय कळतं? मामा मला बघायच्या आधीच कसं ओळखायचे की मी आता घाबरणार? ते मला हवं होतं. घरी मी पलंगाशेजारी उताणा पडून पायांवर सोयाबीनचं अर्धं पोतं ठेवून घेतलं. ते ठेवायला बायकोला बोलावलं. शोभानं पोतं ठेवलं, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हे काहून करून राहिले तुमी?" मी तिला सगळं सांगितलं, दार लावण्याचंही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोयाबीनला कोणाची भीती न्हाई, तेच उचला," आणि स्वयंपाकघरात गेली. जाताना पोतं माझ्या पायांवर तसंच ठेवून गेली.

तिसऱ्या सोमवारी मी मामांच्या आधी मैदानावर पोचलो, पोतं अंथरलं आणि पाय वर केले. मामा आले. चपला काढल्या, चष्मा काढून चपलेत ठेवला.

"येऊ का?"

"या."

ते आले. हलके होते, पण अर्ध्या पोत्यासारखे नव्हते. पोतं श्वास घेत नाही. त्यांचा प्रत्येक श्वास माझ्या टाचेपर्यंत पोचत होता, आणि मला पहिल्यांदा कळलं की ते माझी भीती कुठून वाचायचे. मी थरथरत होतो, ते वरून सांगत होते, "गुडघा मोकळा, टाच माझ्या हाडाकडं, व्हय, तशी." आठवड्याभरात मी त्यांना सहा-सात श्वास धरायला लागलो. हातही सोडायला लागलो. त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले की खरोखर पाखरासारखे दिसायचे.

आबा त्या आठवड्यात बाहेरगावी होते. पुढच्या मंगळवारी ते रस्त्यावर थांबलेले मला दिसले. हातात कॅन. मामाही त्यांना बघत होते, त्यांना तर वरून जास्त चांगलं दिसत होतं. हळूच म्हणाले, "सर, वाटलं तर मी उतरतो. मला काई वाटनार न्हाई." मी म्हणालो, "नाही. राहा."

आबा तिथंच उभे होते. माझे पाय इतके स्थिर त्याआधी कधी नव्हते. मला वाटलं, बघू दे. आज सगळ्यांना बघू दे. माझ्या छातीत काहीतरी फुगत होतं, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

"उतरवा," मामा म्हणाले.

मी ऐकलं. मी नीट ऐकलं. आणि मी म्हणालो, "थांबा."

"सर, उतरवा, बरगडीत..."

"एक मिनिट, मामा."

त्यांना बरगडीखाली चमक भरली होती. त्यांनी स्वतःच एक हात जमिनीकडे टाकला, मी त्याच वेळी घाईनं गुडघे दुमडले, आणि ते वाकड्या मनगटावर खाली आले. आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी उठून रस्त्याकडे पाहिलं, मदतीला हाक मारावी म्हणून. आबा केव्हाच वळणापलीकडं गेले होते. मी त्यांच्या पाठीला दाखवत होतो, आणि मग त्या पाठीलाही नाही, रिकाम्या रस्त्याला.

जीप करून हिंगोलीला नेलं. मनगटाला प्लास्टर, दीड महिना. निवृत्तीला आठ महिने राहिलेला लाईनमन, आणि त्याला सबस्टेशनात खुर्चीवर बसून फोन घ्यायची वेळ आली. तिथं जो विचारेल त्याला मामा सांगायचे, "खांबावरून न्हाई, सरांच्या पायावरून पडलो." तीन दिवसांत ही बातमी तालुक्यातल्या पुसेगावपर्यंत गेली. त्या दसऱ्याला मी आबांना सोनं द्यायला गेलो, तर त्यांनी हात पुढं केला, पण मान वर केली नाही. ते मी सोसलं. त्यात मोठं काही नव्हतं.

मामांकडे जायला मला चार दिवस लागले. अंगणात बाजेवर बसले होते. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी प्लास्टरचा हात वर करून मला थांबवलं. "तकलीफ हाताची न्हाई, सर. हात जुळतंय. पर तुमी मला सांगा, त्या वक्ताला तुमच्या पायावर कोन होतं?"

"तुम्ही."

"न्हाई. तुमचे आबा होते. माझं तर तुमाला ऐकूच आलं न्हाई."

 पूर्वी मी त्यांना लोकांसाठी खाली ठेवलं होतं आणि आता लोकांसाठीच वर ठेवलं. दोन्ही वेळा त्यांना विचारलं नव्हतं. हे त्यांनी म्हटलं नाही, पण मला कळेपर्यंत ते गप्प बसले, आणि मग लेकीनं पाठवलेले लाडू पुढं केले.

त्यांचं प्लास्टर निघाल्यावर मी रोज मैदानावर जाऊन पोतं अंथरायचो. बोलावलं नाही. बोलावायचा हक्क मला आहे असं वाटत नव्हतं. नवव्या दिवशी ते आले. मनगट अजून सुजलेलंच होतं. चपला काढल्या, माझ्या पायांशी उभे राहिले आणि बराच वेळ उभेच राहिले.

"येऊ का?"

"या."

ते आले. पहिला श्वास, दुसरा. तिसऱ्याला म्हणाले, "उतरवा." मी गुडघे दुमडले. ते जमिनीवर उभे राहिले. दुखलं होतं की मला पारखत होते, मी विचारलं नाही.

ते माझ्याशेजारी मातीत बसले. मनगट चोळत म्हणाले, "सर, एक सांगू का? हे दोन्हीकून ऱ्हायला पायजे ते माझं न्हाई. सुजातानं सांगितलेलं. दहा वर्षं ती म्हणायची, पप्पा, आता मी खाली, तुमी वर या. मी म्हणायचो, न्हाई, लेकराच्या कंबरेवर बापाचा भार कशाला? कधीच चढलो न्हाई. जाताना म्हणली, पप्पा, आता जोडी बघशीला तर तुमाला उचलंल असा माणूस बघा." ते थोडे थांबले. "माझ्या मायीनं कडेवर घेतलं असंल तेवढंच. त्याच्यानंतर मला कोनी उचललं न्हाई, सर. साठीला आलो."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही आणि त्यांनी बघितलं नाही असंही दाखवलं नाही. रस्त्यावरून दुधाच्या गाड्या जात होत्या, जीपवाला सेनगाव सेनगाव म्हणून ओरडत होता. मामा उठले, धोतराला पुसावे तसे हात पँटीला पुसले.

"पडा," ते म्हणाले. "आता परत घ्या."

मी पडलो, पाय वर केले, त्यांनी विचारलं, मी या म्हणालो. त्यांचं वजन माझ्या टाचांतून सरळ जमिनीत गेलं. त्यांनी दुखरा हातही पसरला. मी श्वास मोजले नाहीत, रस्त्याकडे पाहिलं नाही, फक्त उतरवा हा शब्द ऐकायला कान देऊन पडून राहिलो. बराच वेळ ते तो म्हणालेच नाहीत.